जड टर्नटेबल आणि जमिनीची थरथर

बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही कित्येक घरांत, कपाटांत आणि जुन्या पेट्यांत जपून ठेवलेल्या आढळतात. या तबकड्या लाखेच्या आणि ठिसूळ असतात. हातातून निसटली की संपली! शिवाय सुई जितक्या वेळा खाचेतून फिरते तितक्या वेळा खाच थोडी थोडी झिजते. म्हणून अनेक संग्राहक आपल्याजवळच्या तबकड्या एकदा नीट वाजवून त्यांचे संगणकावर ध्वनिमुद्रण करून ठेवतात. अशा ध्वनिमुद्रणात पुष्कळदा गाण्याच्या मागे एक खोल घरघर ऐकू येते. कोणी शेजारून चालत गेले तर 'धप्' असा आवाज उमटतो, आणि एखादे वेळी सुई चक्क उडून पुढच्या खाचेत जाते. हा आवाज तबकडीत नसतो. तो जमिनीतून, टेबलातून किंवा यंत्राच्या मोटरीतून आलेला असतो.

यावर उपाय विचारला, तर बहुतेक जाणकार सांगतात की यंत्र जड करा. इंग्लंडच्या गॅरार्ड कंपनीचे '३०१' किंवा स्वित्झर्लंडच्या थोरेन्स कंपनीचे 'टीडी १२४' ही १९५० च्या दशकातील टर्नटेबले आजही वापरात आहेत. ती जाड लाकडाच्या किंवा दगडाच्या बैठकीत बसवण्याची पद्धत आहे. कल्पना अशी की जड वस्तू सहसा हलत नाही. परंतु हे अर्धेच सत्य आहे. भूकंपात मोठमोठ्या इमारती हलतात, त्या काही हलक्या नसतात! जमिनीवर घट्ट टेकलेली वस्तू कितीही जड असली तरी जमिनीबरोबर हलणारच. मग वजनाचा उपयोग कोणता, आणि जड टर्नटेबलाखाली नेमके काय ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर दहावीच्या भौतिकशास्त्रात आणि एका फूटपट्टीत दडलेले आहे. ते कसे, ते या लेखात पाहू.

सुई किती बारीक हालचाल टिपते?

लाँग प्ले तबकडीच्या खाचेची रुंदी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी असते. १००० हर्ट्झचा चांगला मोठा स्वर वाजत असताना सुईचा वेग सेकंदाला ५ सें.मी. धरला, तर ती मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ८ मायक्रॉन हलते. याच्या हजारपट दुबळा स्वर घेतला तर हालचाल ०.००८ मायक्रॉन इतकी, म्हणजे काही डझन अणू एका रेषेत मांडल्यावर भरेल एवढीच उरते. आणि कानाला तोही स्वर ऐकू येऊ शकतो.

यात आणखी एक भर पडते. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच फार रुंद नागमोडी होईल. म्हणून ते कोरताना मुद्दाम दाबतात आणि वाजवताना तेवढ्याच प्रमाणात वाढवतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आर.आय.ए.ए. मानकाप्रमाणे २० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे नऊपट वाढवला जातो. १९२५ नंतरच्या, विद्युत पद्धतीने मुद्रित केलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांनाही अशी भर द्यावी लागते, मात्र तिचे प्रमाण कंपनीनुसार बदलते. गाण्याचा खर्ज वाढवताना जमिनीची थरथरही त्याच पटीत वाढते, कारण तीही खालच्या वारंवारतांचीच असते.

दोऱ्याला टांगलेला दगड

आता एक साधी कृती करा. चार-पाच रबरबँड एकमेकांत गुंतवून त्यांची साखळी बनवा, तिच्या टोकाला एक दगड बांधा आणि वरचे टोक हातात धरा. हात अगदी सावकाश वरखाली करा. दगड हाताबरोबर तितकाच वरखाली होतो. आता वेग हळूहळू वाढवा. एका ठराविक वेगाला दगड बेफाम उसळू लागतो. हात जरासा हलला तरी दगड कितीतरी जास्त हलतो. हा अनुनाद. वेग त्याहूनही पुष्कळ वाढवा. आता हात झपाझप हलतो आहे आणि दगड मात्र जवळजवळ एका जागी स्थिर आहे.

हाताच्या जागी जमीन आणि दगडाच्या जागी टर्नटेबल कल्पिले की कंपनरोधनाचे सगळे शास्त्र हाती आले. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची एक नैसर्गिक वारंवारता असते. जमिनीच्या कंपनाची वारंवारता तिच्याहून फार कमी असेल तर कंपन पूर्णपणे वर पोचते. दोन्ही सारख्या असतील तर ते वाढून पोचते. जमिनीची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीहून (२ च्या वर्गमुळाहून) जास्त झाली की रोधन सुरू होते. त्यापुढचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. जमिनीची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या जितकी पट असेल त्या संख्येचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा. तितकावा हिस्सा वर पोचतो.

२ पट असेल तर १/३ भाग पोचतो.
३ पट असेल तर १/८ भाग पोचतो.
४ पट असेल तर १/१५ भाग पोचतो.
५ पट असेल तर १/२४ भाग पोचतो.
१० पट असेल तर १/९९ भाग पोचतो.

म्हणजे टर्नटेबलाची नैसर्गिक वारंवारता जितकी कमी, तितके रोधन चांगले. या हिशोबात वजन कोठेही सुटे येत नाही. येते ती फक्त वारंवारता.

फूटपट्टीने मोजलेली वारंवारता

ही नैसर्गिक वारंवारता मोजायला महागडे उपकरण लागत नाही. स्प्रिंगवर वजन ठेवले की ती खाली दबते. या दबण्याला आपण थोडक्यात 'दब' म्हणू. समतोल साधल्यावर स्प्रिंगचे बल आणि वस्तूचे वजन सारखे असते. म्हणजे, स्प्रिंगचा ताठपणा × दब = वस्तुमान × गुरुत्वत्वरण. आता वारंवारता ठरते ती ताठपणा भागिले वस्तुमान या गुणोत्तराच्या वर्गमुळावरून. आणि वरच्या समीकरणानुसार हे गुणोत्तर गुरुत्वत्वरण भागिले दब एवढेच आहे. वस्तुमान आणि ताठपणा दोन्ही नाहीसे झाले! उरला फक्त दब. आकडे घालून सूत्र असे होते :

वारंवारता (हर्ट्झमध्ये) = १५.८ ÷ दबाचे (मि.मी.मध्ये) वर्गमूळ

हे सूत्र ओळखीचे वाटले का? साध्या दोलकाचे सूत्र हेच आहे, फक्त दोलकाच्या लांबीऐवजी येथे दब आहे. स्प्रिंग २५ सें.मी. ताणली गेली असेल तर तिच्यावरची वस्तू २५ सें.मी. लांबीच्या दोलकाच्याच तालात वरखाली होते. काही किमती येथे देतो :

दब १ मि.मी. – १५.८ हर्ट्झ
दब ४ मि.मी. – ७.९ हर्ट्झ
दब १० मि.मी. – ५ हर्ट्झ
दब २५ मि.मी. – ३.२ हर्ट्झ
दब ६२ मि.मी. – २ हर्ट्झ
दब २५० मि.मी. – १ हर्ट्झ

वारंवारता निम्मी करायची तर दब चौपट करावा लागतो, हे यावरून ध्यानात येईल. म्हणूनच फार खाली जाणे अवघड होत जाते.

आपल्याला कोणती वारंवारता हवी?

एका बाजूला माणसाची चाल आहे. आपण सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. दुसऱ्या बाजूला खुद्द टर्नटेबलाचा आर्म आहे. सुई एका अतिशय लवचिक रबरी आधारावर बसवलेली असते आणि तिच्यावर आर्मचे परिणामी वस्तुमान असते. म्हणजे हीही एक स्प्रिंग आणि वस्तू यांची जोडी झाली. समजा, सुईवर १ ग्रॅम वजनाइतके बल आले की ती ०.१५ मि.मी. सरकते, आणि आर्म व कार्ट्रिज यांचे मिळून परिणामी वस्तुमान १६ ग्रॅम आहे. तर १६ ग्रॅमने होणारा काल्पनिक दब २.४ मि.मी. होईल. वरच्या सूत्रात हा आकडा घातला की उत्तर येते सुमारे १० हर्ट्झ. चांगल्या जुळणीत ही वारंवारता ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान ठेवतात. तबकडीच्या वाकडेपणाने होणारी हालचाल याच्या खाली राहते आणि संगीत याच्या वर.

परंतु याचा अर्थ असा की १० हर्ट्झच्या आसपासचे बाहेरचे कंपन आर्मपर्यंत पोचले तर तो अनुनादाने ते वाढवणार. असे कंपन कानाला ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा फडफडतो, सुईचा खाचेवरचा दाब कमीजास्त होतो आणि शेवटी ती उडते. दुर्दैवाने लाकडी तुळयांवर पेललेल्या जमिनीची स्वतःची वारंवारताही बहुधा याच टापूत असते. जुन्या वाड्याच्या माडीवर टाच आपटली तर जमीन ज्या तालात थरथरते तो हाच.

यावरून आपली गरज नक्की झाली. १० हर्ट्झचे कंपन निदान एक अष्टमांशावर आणायचे, तर टर्नटेबलाची नैसर्गिक वारंवारता त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३ हर्ट्झच्या जवळपास हवी. त्यासाठी दब हवा सुमारे २५ मि.मी., म्हणजे एक इंच.

चाळीस किलोंचा हिशोब

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ५० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद आणि ५ सें.मी. जाड अशी कडप्प्याची बैठक केली, तर तिचे वजन सुमारे ३० किलो भरते. त्यावर टर्नटेबल आणि आर्म मिळून १० किलो धरू. एकूण ४० किलो. चार पायांवर ते सारखे वाटले गेले तर प्रत्येक पायावर १० किलो भार येईल. २५ मि.मी. दब हवा, तर स्प्रिंग अशी पाहिजे की १ मि.मी. दाबायला ०.४ किलो वजन लागेल. स्प्रिंग तयार करणाऱ्याला भार १० किलो आणि दब २५ मि.मी. एवढे सांगितले तरी पुरते. अशा स्प्रिंगांवर १० हर्ट्झचे कंपन सुमारे एक नवमांश पोचेल.

आता याच चार स्प्रिंगा ४ किलो वजनाच्या हलक्या रेकॉर्ड प्लेअरखाली ठेवून पाहा. प्रत्येक पायावर भार १ किलो, दब २.५ मि.मी., आणि नैसर्गिक वारंवारता बरोबर १० हर्ट्झ! म्हणजे जी स्प्रिंग जड यंत्राला शांत ठेवते तीच हलक्या यंत्राला आर्मच्या नेमक्या अनुनादावर नेऊन बसवते. उलट, हलक्या प्लेअरसाठी केलेले मऊ पाय जड यंत्राखाली पार चेपून जातील आणि चेपलेली स्प्रिंग ही स्प्रिंग उरतच नाही. तात्पर्य, 'उत्तम कंपनरोधक पाय' अशी कोणतीही वस्तू स्वतंत्रपणे नसते. अमुक भाराखाली अमुक दब देणारा पाय, एवढेच म्हणता येते. विकत घेताना विचारायचे ते हेच.

मग वजनाचे काम काय?

वजनाचे फायदे दोन. पहिला व्यावहारिक. यंत्र जड असले की हवा तो दब ताठ, मजबूत स्प्रिंगने मिळवता येतो. हलक्या यंत्राला तोच दब मिळवायचा तर स्प्रिंग इतकी नाजूक लागते की तबकडी बदलताना हात लागला तरी सारे डळमळते.

दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. सगळी कंपने खालून येत नाहीत. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी चार ध्रुवांची प्रवर्तन मोटर सेकंदाला जवळजवळ २५ फेरे घेते. तिचा तोल किंचित बिघडलेला असेल तर ती यंत्राला तितक्याच वेळा धक्के देते. ही मोटर स्प्रिंगच्या वर बसलेली आहे, त्यामुळे खालची स्प्रिंग तिला अडवू शकत नाही. येथे न्यूटनचा दुसरा नियम मदतीला येतो. बल तेच असताना वस्तुमान चौपट केले की हालचाल एक चतुर्थांश होते. स्पीकरमधून हवेतून येणाऱ्या आवाजाच्या दाबालाही हेच लागू पडते. थोडक्यात, जमिनीच्या कंपनांशी लढते ती स्प्रिंग आणि मोटरीच्या व हवेच्या धक्क्यांशी लढते ते वजन. दोघांचे काम वेगळे आहे.

हलू द्या, पण डोलू देऊ नका

येथे एक शंका येईल. स्प्रिंगवरचे यंत्र थोडे तरी वरखाली होणारच, मग सुईला ते कळणार नाही का? हे समजण्यासाठी तराजू आठवा. तोललेला तराजू घेऊन लिफ्टमधून वर गेले तरी काटा मध्यावरच राहतो, कारण दोन्ही पारड्यांवर सारखाच परिणाम होतो. टर्नटेबलाचा आर्मही मागच्या वजनाने असाच तोललेला असतो. सुईच्या दाबासाठी ठेवलेला दोन-चार ग्रॅमांचा फरक सोडला, तर तो यंत्राबरोबर सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. तबकडीही त्याच्याबरोबर तितकीच हलते. दोघांतील अंतर बदलत नाही, म्हणून सुईला फारसे काही कळत नाही. यासाठी अट एकच : तबकडी आणि आर्म एकाच ताठ बैठकीवर हवेत. अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी १९६१ साली ए.आर. कंपनीसाठी जे टर्नटेबल केले, त्यात तबकडी आणि आर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर तोलली होती. त्या हलक्या यंत्राने स्प्रिंगचे महत्त्व अनेकांना पटवून दिले.

पण बैठक डोलू लागली, म्हणजे तिची एक बाजू वर आणि दुसरी खाली होऊ लागली, तर गोष्ट निराळी. तबकडी तिरकी होते आणि तोललेला आर्म मात्र आपली दिशा सोडत नाही. आता सुई आणि तबकडी यांच्यात सापेक्ष हालचाल होते आणि ती थेट ऐकू येते.

जमीन सरळ वरखाली होत असताना यंत्र डोलते कधी? स्प्रिंगांचा मध्य आणि यंत्राचा गुरुत्वमध्य एका उभ्या रेषेत नसतील तेव्हा. मोटर एका कोपऱ्यात असल्याने भार सहसा असमान असतो. समजा, पुढच्या दोन पायांवर ९-९ किलो आणि मागच्या पायांवर १२ व १० किलो भार आहे. चारही स्प्रिंगा एकसारख्या घेतल्या तर बैठक मागे कलेल. तिच्या पायांखाली चकत्या सारून ती पातळीत आणली तरी डोलणे जाणार नाही. उपाय असा की प्रत्येक स्प्रिंगचा ताठपणा तिच्यावरच्या भाराच्या प्रमाणात घ्यावा, किंवा स्प्रिंगा सारख्या ठेवून त्यांच्या जागा सरकवत जावे, जोपर्यंत सर्वांचा दब सारखा होत नाही. दब सारखा झाला की स्प्रिंगांचा मध्य आपोआप गुरुत्वमध्याखाली येतो. याचे गणित उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांनी जरूर करून पाहावे. एकच फूटपट्टी वारंवारताही सांगते आणि तोलही!

जमिनीच्या आडव्या हालचालीनेही यंत्र डोलू शकते. त्यासाठी स्प्रिंगा एकमेकींपासून शक्य तितक्या दूर आणि यंत्राचा गुरुत्वमध्य शक्य तितका खाली असावा. स्प्रिंगची दबल्यानंतरची उंची तिच्या व्यासाहून फार जास्त नसावी, नाहीतर ती बाजूला कलंडते.

खिळे, रबर, हवा आणि स्प्रिंग

आता बाजारात मिळणाऱ्या आणि घरी करता येणाऱ्या उपायांकडे पाहू.

धातूचे टोकदार पाय : यांचा दब जवळजवळ शून्य, म्हणून खालच्या वारंवारतांचे रोधनही शून्य. यंत्र सरकू न देणे आणि पातळी साधणे यासाठी ते चांगले. तळमजल्यावरच्या भक्कम फरशीवर, जेथे मुळात कंपनेच कमी, तेथे ते पुरतात.

रबराच्या चकत्या : रबर त्याच्या जाडीच्या थोड्याच भागाइतके दाबून वापरतात. २५ मि.मी. जाडीच्या चकतीत ३-४ मि.मी. दब मिळाला तर वारंवारता सुमारे ८ हर्ट्झ येते. शिवाय हलताना रबर स्थिर स्थितीपेक्षा जास्त ताठ वागते, त्यामुळे खरी वारंवारता सूत्राहून वर असते. म्हणजे ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण रबर चांगली अडवते, पण १० हर्ट्झला उलट वाढवण्याचाच संभव अधिक. अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू याच वर्गातले. ते काही महिन्यांत बसतात, हा आणखी एक दोष.

हवेची गादी : सायकलच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिच्यावर फरशी ठेवण्याची युक्ती जुनी आहे. प्रयोगशाळांतील प्रकाशकीय टेबलेही हवेच्या स्प्रिंगवरच ठेवतात. पण येथे दबाचे सूत्र चालत नाही, कारण हवेचा ताठपणा भाराबरोबर बदलतो. वारंवारता प्रत्यक्ष मोजावी लागते. हवा हळूहळू निघून जाते, म्हणून पातळी वरचेवर तपासावी लागते.

पोलादी स्प्रिंग : मोठा दब, हिशोब सरळ, वर्षानुवर्षे टिकणारी. दोष दोन. तिच्या वेढ्यांमधून काहीशे हर्ट्झची कंपने सरळ वर चढू शकतात, म्हणून तिच्याखाली पातळ रबर किंवा नमदा ठेवावा. दुसरा दोष असा की नुसती स्प्रिंग एकदा हलली की बराच वेळ हलतच राहते. यासाठी अवमंदन, म्हणजे डॅम्पिंग, थोडे द्यावे लागते.

हे 'थोडे' महत्त्वाचे आहे. स्प्रिंगच्या पोकळीत स्पंजाचा तुकडा सैलसर बसवला तर अनुनादाची वाढ पाच-दहापटीपर्यंत आटोक्यात येते. पण अवमंदन वाढवले की वरच्या वारंवारतांचे रोधन बिघडते. आपल्या ३.२ हर्ट्झच्या उदाहरणात अनुनाद पाचपटीवर रोखण्याइतके अवमंदन दिले, तर ५० हर्ट्झचे कंपन बिनअवमंदनाच्या तुलनेत सुमारे तिप्पट पोचते. तरीही ते मूळच्या दीड टक्क्याहून कमीच असते, त्यामुळे हा सौदा परवडतो.

स्प्रिंगने न सुटणारे प्रश्न

माणसाच्या पावलांचा २ हर्ट्झचा ताल ३.२ हर्ट्झच्या स्प्रिंगने अडत नाही. उलट तो दीडपटीहून जास्त होतो. तो अडवायचा तर नैसर्गिक वारंवारता एका हर्ट्झच्याही खाली हवी, म्हणजे दब पाव मीटरहून जास्त. घरात हे जमण्यासारखे नाही. म्हणून माडीवरची जमीन पावलागणिक लवत असेल तर यंत्र जमिनीवर ठेवूच नये. भार पेलणाऱ्या जाड भिंतीत भक्कम घोड्या बसवून त्यांच्यावर फळी टाकावी आणि तीवर यंत्र ठेवावे. जेथे जमीन लवते तेथे भिंत सहसा लवत नाही. निदान टेबल खोलीच्या मध्यातून उचलून भिंतीलगत, तुळईच्या टोकापाशी न्यावे. उगमापाशीच कंपन टाळणे हा नेहमी पहिला उपाय, स्प्रिंग दुसरा.

स्पीकरचा आवाज हवेतून थेट तबकडीवर आदळतो, त्यालाही खालची स्प्रिंग काही करू शकत नाही. संग्रहासाठी ध्वनिमुद्रण करताना मात्र उत्तर सोपे आहे. स्पीकर बंद ठेवावेत आणि हेडफोनवर ऐकावे. ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांसाठी आणखी एक सवलत आहे. त्यांच्यातील खाच फक्त आडवी हलते. स्टिरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या योग्य रीतीने एकत्र केल्या की उभ्या हालचालीचा भाग एकमेकांना रद्द करतो आणि त्याबरोबर घरघरीचाही एक मोठा हिस्सा जातो, तोही फुकटात!

शेवटी चाचणी. मोटर बंद ठेवून एखाद्या जुन्या, निरुपयोगी तबकडीवर सुई टेकवा, ध्वनिमुद्रण सुरू करा आणि कोणाला तरी खोलीत नेहमीसारखे चालायला सांगा. मग टेबलावर बोटाने टकटक करा. स्प्रिंग लावण्यापूर्वीचे आणि नंतरचे मुद्रण शेजारी शेजारी ठेवून पाहिले की उपाय लागू पडला की नाही ते कळते. किमतीवरून किंवा जाहिरातीवरून ते कळत नाही.

वर्गात करण्याजोगे

टर्नटेबल नसले तरी हे प्रयोग वर्गात होऊ शकतात. एका स्प्रिंगला वजने टांगून दर वेळी ताण फूटपट्टीने मोजा आणि वीस दोलनांचा वेळ घ्या. सूत्राने येणारी वारंवारता आणि मोजलेली वारंवारता यांचा आलेख काढा. ज्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात ती वापरू नका. तिच्यात आधीचाच ताण असतो आणि सूत्र चुकते. मग स्प्रिंगशेजारी तिच्या ताणाइतक्या लांबीचा दोलक टांगा आणि दोन्ही एकदम सोडा. ते बराच काळ एकाच तालात चालताना पाहून विद्यार्थी चकित होतात. थोडा फरक पडला तर स्प्रिंगचे स्वतःचे वजन हिशोबात घ्यायचे राहिले, हे त्यांनाच शोधू द्या. मोबाइलमधील त्वरणमापक वापरून वर्गाची किंवा जिन्याची जमीन टाच आपटल्यावर किती हर्ट्झला थरथरते, हेही मोजता येईल.

या साध्या तत्त्वाची झेप कोठवर जाते ते सांगून थांबतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळेचे मुख्य आरसे आपल्या उदाहरणातील टर्नटेबलाएवढेच, म्हणजे ४० किलोंचे आहेत. प्रत्येक आरसा एकाखाली एक अशा चार दोलकांच्या साखळीत टांगलेला आहे आणि शेवटच्या टप्प्यातील काचेचे तंतू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक आहेत. एका टप्प्याने कंपन जितके घटते, तितके ते पुढच्या प्रत्येक टप्प्यात पुन्हा घटते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेला २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तेथेही जमिनीच्या थरथरीशी लढा द्यायचा आहे तो याच नियमाने. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या तेथे काम करू लागला, तर रबरबँडला टांगलेला दगड त्याला नक्कीच आठवेल.